एकट्याची पेन्शन

विमेवाल्याचा फोन आला तेव्हा मेणकाकांच्या हातात वरच्या जबड्याची एक कवळी होती, अजून मेणातली. पुढचे दात लावून झाले होते, पण उजवीकडचा सुळा जरा जास्तच पुढे आला होता. तसाच राहिला असता तर ज्या बाईंची ती कवळी होती त्या कायम कुणावर तरी डाफरतायत असं वाटलं असतं. काकांनी सुरीचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं, सुळ्याच्या मुळाशी अलगद टेकवलं, गुलाबी मेण पाघळलं आणि सुळा केसभर मागे सरला. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, अभिनंदन! पेढे राहू देत, चहा तरी पाजा," विमेवाला म्हणाला. तो नेहमीच असा, कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखा बोलायचा.

"कशाबद्दल?"

"तुमच्या पेन्शनबद्दल हो. परत करायची मुदत आज संपतेय. उद्यापासून काळ्या दगडावरची रेघ! मरेपर्यंत बँकेत पैसे पडत राहणार, बघायला नको."

काकांनी सुरी खाली ठेवली. "आज कशी संपेल? कागद अजून घरी आलेलाच नाही."

"कागद कुठला घेऊन बसलात? आता सगळं मेलवर. मेल येऊन जुनी झाली."

"मला नाही आली."

"तुम्हाला कशी येईल, तुमचं मेल होतं कुठे? मी माझाच पत्ता टाकला. म्हटलं, काकांच्या डोक्याला ताप नको."

काकांनी आणखी एकदा विचारलं, आजच म्हणजे आजच का. विमेवाला हसला आणि म्हणाला की ऑफिस संध्याकाळी बंद झालं की संपलं, पण तुम्हाला काय त्याचं, तुम्ही थोडीच परत करणार आहात. फोन ठेवताना त्याने काकूंना नमस्कार सांगितला. 

झालं होतं ते असं. सारं आयुष्य काकांनी या लॅबमध्ये काढलं होतं. दाताचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे आणि त्या ठशावरून काका माणसाचं तोंड पुन्हा उभं करायचे. कधी न पाहिलेल्या माणसाचे दात त्यांना बरोबर कळत. कोण एका बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, सगळं. बोलणं मात्र बेताचं. लॅबमधल्या कुणाशी भांडण नाही, मालकाकडे पगारवाढ मागितल्याचं कुणाला आठवत नाही. मालकांनीच आठवण ठेवून कधीमधी वाढवला, तर काका लाजून "असू दे असू दे" म्हणायचे. आता निवृत्त झाले होते आणि हातातली कामं संपेपर्यंत येत होते. फंडाचे पैसे एकरकमी मिळाले होते. आयुष्यभराची तेवढीच शिल्लक. मुलगी लांब दुसऱ्या शहरात, तिच्या घरात तिचे सासू-सासरे, दोन लहान मुलं. तिच्याकडे हात पसरायचा नाही, हे नवराबायकोचं न बोलता ठरलेलं होतं.

विमेवाला स्वतःच्या दाढेच्या टोपीचा रंग जुळवून घ्यायला डॉक्टरांकडून थेट लॅबमध्ये आला होता. काकांनी त्यालाच विचारलं. तो बाकावर बसून, अर्ध्या बधिर ओठाने, पण अगदी स्वच्छ समजावून गेला. फंडाचे पैसे कंपनीला द्यायचे, कंपनी जन्मभर पेन्शन देणार. त्यात दोन प्रकार. एक एकट्याची. महिन्याला साडेसतरा हजार. पण काका गेले की गोष्ट संपली, मूळ रक्कमही कंपनीची. दुसरी जोडीची. पंधरा हजार. काका गेले तर काकूंना चालू, काकू गेल्या तर काकांना चालू.

मधला फरक अडीच हजारांचा. आणि काकूंची हृदयाची औषधं महिन्याला बरोबर तेवढ्याचीच येत.

एकट्याची घेतली तर औषधांचं भागत होतं. जोडीची घेतली तर भाडं, वीज, किराणा भरून औषधांपाशी हात आखडत होता. एवढंच असतं तर काकांनी घरी जाऊन सांगितलंही असतं. पण आणखी एक गोष्ट होती. काकूंच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकांना एकट्याला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन काही सांगितलं होतं. काकू फार वर्षं काढणार नाहीत, असा त्याचा मतलब होता. ते काकांनी कुणाजवळ उघड केलं नव्हतं. एकट्याच्या पेन्शनच्या रकान्यात खूण करताना त्यांनी तेच धरलं होतं. मनातसुद्धा पूर्ण वाक्य केलं नव्हतं, पण धरलं होतं.

"बदलता येईल का?" त्यांनी विमेवाल्याला विचारलं होतं.

"येईल की. कागद हातात आला की परत करायला मुदत असते."

हे ऐकून काका निवांत झाले. त्यांच्या धंद्यात सगळं असंच असतं. कवळी आधी मेणात करायची. ती माणसाच्या तोंडात घालून बघायची, हसायला लावायचं, बोलायला लावायचं, मग पाहिजे तो दात हलवायचा. मेणात असेपर्यंत काहीही बदलता येतं. भट्टीत शिजून कडक झाली की मग ब्रह्मदेव आला तरी नाही. काकांनी पेन्शनही तशीच धरली. आत्ता मेणात आहे, कागद येऊ दे, घरात चार दिवस असू दे, मग बोलू तिच्याशी. पोस्टमनची वाट बघत ते निर्धास्त राहिले होते. आणि इकडे भट्टी कधीच पेटली होती.

"काय झालं काका?" शेजारच्या टेबलावरून पॉलिशवालीने विचारलं. तिने चाक बंद केलं आणि नाकावरचं फडकं खाली ओढलं. "चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडलाय."

"तो रोजच असतो."

"रोज प्लास्टर वरून असतं. आज आतून आलंय."

काकांनी तिला सांगितलं. सगळं नाही, पेन्शनचं तेवढं. ती ऐकत होती तोवर तिच्या हातातला दात तिने तीनदा उलटासुलटा केला.

"काकूंना माहीत नाही?"

"नाही."

"शाबास! चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवलेत आणि स्वतःच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही." तिने काकांच्या समोरची कवळी उचलून गार पाण्याच्या वाडग्यात सोडली, मेण खचू नये म्हणून. "उठा. इथे बसून काय होणार? फोन करा त्यांना, तयार राहा म्हणावं."

"फोनवर कसं सांगू?"

"मग पाय उचला. आणि काका, अॅप्रन काढून जा. ऑफिसातले लोक कसाई समजतील."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका चढत होते आणि पायरीपायरीला वाक्य जुळवत होते. दारापाशी पोहोचेपर्यंत जुळलेलं सगळं वाक्य खोकल्यात गेलं. दोन मिनिटं कठड्याला धरून ते खोकले. प्लास्टरची आणि पॉलिशची धूळ, जुनी सोबतीण. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

काकू पडद्याला दुमड घालत होत्या. एका दुकानाचे पडदे त्या शिवून द्यायच्या. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बंद करा म्हटलं होतं, तर त्यांनी पायाचं मशीन बंद करून मोटरवरचं घेतलं होतं.

"इतक्या लवकर?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "काढून टाकलं की काय?"

"निवृत्त माणसाला काय काढणार."

"तेही खरं. ताक ठेवलंय झाकून."

"अगं, जरा बाहेर जायचंय. पेन्शनच्या ऑफिसात. तुझी सही लागेल. जन्माचा दाखलाही घे."

"माझी सही कशाला? पेन्शन तुमची."

"दोघांची करायचीय."

मशीन थांबलं. "करायचीय म्हणजे? केली नव्हती?"

"नव्हती."

"तुम्ही तर म्हणालात, सगळं झालं, काळजी करू नकोस."

"झालं होतं. एकट्याचं झालं होतं."

काकूंनी मशीनच्या पायाखालून पडदा सोडवला. दोरा कात्रीने कापला. घाई अजिबात नव्हती आणि काकांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

"म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं, तर मला किती?"

"काही नाही."

"थोडेसुद्धा नाहीत?"

"नाहीत."

"आणि फंडाचे जे भरले ते?"

"तेही नाहीत. पण आज परत करता येते. आजच. म्हणून म्हणतो, चल."

"का केलीत अशी?"

"रक्कम जास्त येत होती."

हे खोटं नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. चोळी उसवून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या अशाच बघत, नेमकी कुठे ताण पडून उसवली ते शोधत. मग उठल्या, कपाट उघडलं, दाखला काढला, साडी बदलली. आरशापुढे केस नीट करताना म्हणाल्या, "टॅक्सीने जायला लागेल. बसला मी धावणार नाही."

टॅक्सीत ती दोघं आजवर एकदाच बसली होती, हॉस्पिटलला जाताना.

जिना उतरताना काकांचा जीव टांगणीला लागला. काकू एक हात कठड्यावर आणि एक छातीशी धरून उतरत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या. काकांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, चल, ऑफिस बंद होईल. पण घाई करवली आणि इथेच काही झालं तर? ज्या हृदयासाठी धावायचं त्यालाच धाप लागत होती. ते वळणावर दोन पायऱ्या खाली उभे राहिले, म्हणजे तोल गेला तर धरता येईल, आणि खिशात हात घालून सुटे पैसे मोजल्यासारखं करत राहिले.

"घड्याळ बघू नका," काकू वरून म्हणाल्या. "मला दिसतंय तुम्ही खिशात घड्याळ शोधताय ते."

टॅक्सी मिळाली. विमेवाल्याचा दुपारचा फोन, न आलेला कागद आणि त्याने सांगितलेला नमस्कार, एवढं काकांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं. पहिल्या चौकात सिग्नल, दुसऱ्या चौकात खोदलेला रस्ता. ड्रायव्हर म्हणाला, मागच्या बाजूने घेऊ का, लांब पडेल पण वाहतं आहे. काकांनी मीटरकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "घ्या."

मग त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. एकदम म्हणाल्या, "जास्तीचे किती येत होते?"

"अडीच हजार."

"म्हणजे माझी औषधं."

काकांनी मान हलवली.

"मला कळू दे नीट," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण ड्रायव्हरने रेडिओ बारीक केला. "माझ्या औषधांसाठी तुम्ही एकट्याची घेतलीत. म्हणजे औषधं लागू पडली नाहीत तर ठीक. आणि लागू पडली, मी राहिले आणि तुम्ही गेलात, तर मी रस्त्यावर. असंच ना?"

"तसं मनात नव्हतं गं."

"मग कसं होतं? मी आधी जाणार असंच धरलंत ना?"

बाहेर एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता, त्याच्यासाठी टॅक्सी थांबली.

"बरं, धरलंत तर धरलंत," काकू म्हणाल्या. "पण तुमचा खोकला कुणी धरला का हिशेबात? रात्रभर भांडी पडल्यासारखे खोकता. एवढी वर्षं ती धूळ खाल्लीत. का तुम्हाला वाटलं, माझ्यामागे तुम्ही खुशाल बसाल पेन्शन खात?"

हे काकांना खरोखर सुचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या तोंडांचे ठसे रोज हातात घेणाऱ्या माणसाने स्वतःचा ठसा कधी घेतलाच नव्हता. ते ओशाळून म्हणाले, "राहिलंच ते."

"राहिलंच म्हणे," काकू म्हणाल्या.

ऑफिसात दाराशीच रखवालदाराने हात आडवा केला. आता नवीन लोक घेत नाही म्हणाला. काका मागे सरायच्या तयारीत होते, सरण्याची त्यांना सवयच होती. काकू रखवालदाराला म्हणाल्या, "आम्ही नवीन कुठले, बघा तरी आमच्याकडे." तो हसला आणि बाजूला झाला.

काउंटरवरच्या बाई आवराआवर करत होत्या. काकांनी काचेच्या भोकातून आपलं ओळखपत्र सरकवलं आणि पॉलिसी परत करायची आहे असं इतक्या हळू सांगितलं की बाईंनी दोनदा "काय?" केलं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि भुवया चढवल्या.

"आज शेवटचा दिवस आहे. इतके दिवस काय करत होतात?"

"कागदाची वाट बघत होते," काकू म्हणाल्या.

"कागद येत नसतो आजकाल. बरं, परत होईल, पण खात्री करायला एक आकडा जातो. तो मला सांगा. मोबाइल जोडलेला दिसत नाही, मेलवर गेलाय. बघा आली का मेल."

काकांनी काचेच्या भोकाजवळ तोंड नेलं. "ते मेल माझं नाही. विमेवाल्याचं आहे."

"मग त्यांना विचारा. पटकन. आकडा थोडाच वेळ चालतो आणि मला पाचला सिस्टिम बंद करावी लागते."

काकांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. दुपारी अभिनंदन करणाऱ्या माणसाला आता काकांचं नाव पडद्यावर बघून काय समजायचं ते समजलं असावं. पेन्शन परत गेली की त्याचं कमिशनही परत जात होतं. काचेपलीकडच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकांकडे. मागच्या रांगेतले दिवे कुणीतरी मालवले.

"माझ्या फोनवरून लावते," काकू म्हणाल्या. "माझा नंबर त्याच्याकडे नाही."

दुसऱ्याच घंटेला त्याने उचलला. "नमस्कार! कोण बोलतंय?"

"तुझ्या काकू. दुपारी नमस्कार सांगितला होतास ना, पोहोचला."

"अरे वा, काकू! कशा आहात?"

"जिवंत आहे. ऐक, तुझ्या मेलवर एक आकडा आलाय. तो वाच."

"काकू, मी जरा बाहेर आहे. आणि काकांना नीट लक्षात आलेलं नाही. तुमच्या परिस्थितीत एकट्याचीच फायद्याची. परत केलीत तर पैसे यायला वेळ लागणार, मधे दर खाली आले तर जोडीचे पंधराही मिळायचे नाहीत. मग मला बोल लावू नका."

काकूंनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि काकांकडे पाहिलं. "दर खाली येऊ शकतात म्हणतोय. येतात का?"

काकांनी काउंटरच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. "येऊ शकतात. वरही जाऊ शकतात. ते मी कसं सांगू?"

या एका गोष्टीत विमेवाला खोटं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं. हातातलं पक्कं सोडायचं आणि जे मिळेल ते अजून ठरलेलंही नाही. काकांना वाटलं, आपण ठरवू नये. आपण एकदा ठरवून बघितलंय.

"तू सांग," ते म्हणाले.

काकूंनी फोन पुन्हा कानाला लावला. "येऊ देत खाली. आकडा वाच."

"काकू, असं करू, उद्या सकाळी मी स्वतः घरी येतो, नीट बसून बोलू..."

"उद्या ये, चहा करून ठेवते. आकडा आत्ता वाच. समोर ऑफिसातल्या बाई बसल्यात. पॉलिसी काकांची आणि मेल तुझं कसं, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारायच्या आत वाच."

त्याने वाचला. काकूंनी मोठ्याने सांगितला, बाईंनी टाकला. कॉम्प्युटरने विचार केल्यासारखं केलं आणि लाल ओळ आली. आकडा शिळा झाला होता.

"पुन्हा पाठवते. फोन ठेवू नका," बाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज बदलला होता. पर्स खांद्यावर होती ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली. "आला का? विचारा, आला का."

"आला का रे?"

"नेट जरा..."

"नेटला काय झालंय, आपण बोलतोय ना?"

"हां, आला आला. लिहून घ्या."

काकू एकेक आकडा सांगत गेल्या, बाई टाकत गेल्या. काका काचेला कपाळ टेकवून पडद्याकडे बघत होते, पण त्यांना तिकडून नुसता उजेड दिसत होता. शेवटचा आकडा पडला. बाई म्हणाल्या, "घेतलं." मग एक छापील कागद भोकातून बाहेर आला. "इथे सही, आणि इथे कारण लिहा. परत का करताय ते. रिकामं सोडलं तर वरून परत पाठवतात."

काकांनी पेन घेतलं. कारणाच्या ओळीवर टेकवलं आणि थांबले. काय लिहायचं? जे खरं होतं ते त्या ओळीत मावणारं नव्हतं आणि मावलं असतं तरी त्यांच्या हाताने उतरलं नसतं. पेनचा ठिपका मोठा होत चालला. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

"लिहा," काकू शेजारून म्हणाल्या. "बायकोला विचारलं नव्हतं."

काकांनी मान वर करून बाईंकडे बघितलं, हे चालतं का म्हणून.

"चालतं," बाई म्हणाल्या. "ढीगभर येतात या कारणाचे."

काकांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बाईंनी शिक्का मारला, पोच दिली, आणि नव्या अर्जाचा कोरा कागदही दिला. पैसे बँकेत परत आले की तो भरून आणा म्हणाल्या, दोघांच्या सह्यांसकट. मग जरा थांबून म्हणाल्या, "जोडीच्यातही दोन आहेत हं. मागे राहील त्याला पूर्ण, किंवा मागे राहील त्याला अर्धी. अर्धीत आत्ता थोडे जास्त मिळतात."

काका पुढे झुकले. किती जास्त, हे विचारायला त्यांचं तोंड उघडलंही होतं.

"पूर्ण," काकू म्हणाल्या. "माणूस अर्धं झालं म्हणून कुणी भाडं अर्धं घेत नाही."

बाहेर आल्यावर फुटपाथवर एक बाक होता. काकू त्यावर बसल्या. टॅक्सीचा विषय दोघांनीही काढला नाही. रस्त्यावर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती, लोक त्यांच्यासमोरून भराभर जात होते. काका बाकाच्या टोकाला टेकले आणि पोच घडी घालून वरच्या खिशात ठेवली, काढून पुन्हा बघितली, पुन्हा ठेवली. एवढ्यात एक खोकला आला तो त्यांनी हातरुमालात दाबून टाकला.

"दाबू नका," काकू म्हणाल्या. "उद्या तुम्हालाही दाखवून आणायचं छातीच्या डॉक्टरला. आता तुमचं जगणंही हिशेबात आहे."

"बरं."

"आणि आता सांगा. माझे डॉक्टर काय म्हणाले होते?"

काकांनी पोच पुन्हा खिशातून काढली.

"तुम्हाला व्हरांड्यात नेलं होतं. मी खाटेवरून काचेतून बघितलं. परत आलात आणि नर्सला दोनदा थँक्यू म्हणालात. तुम्ही कुणाला एकदा थँक्यू म्हणत नाही. मला जिन्यावर माझं कळतं हो. पण मला त्यांचे शब्द हवेत. तुम्ही केलेली बेरीज नको."

काकांनी रस्त्याकडे बघत सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही, कारण मऊ कसं करायचं ते त्यांना या क्षणी सुचेना. "ते म्हणाले, झडप चांगली बसलीय, पण हृदय थकलंय. म्हणाले, चार-पाच वर्षं चांगली गेली तर मिळवली समजा. मी विचारलं, जास्त नाही का? तर म्हणाले, औषधं वेळेवर आणि जिना कमी, एवढं केलंत तर मी चुकीचा ठरायला तयार आहे."

"जिना कमी म्हणाले होते?"

"हो."

"आणि तुम्ही तेही सांगितलं नाहीत. वर्षभर मी तीन मजले चढतेय."

काकांनी मान खाली घातली. सांगितलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. आणि ते टाळायचं म्हणून त्यांनी तिच्या हातातली पिशवी तेवढी वर्षभर जिन्यात घेतली होती. ते त्यांनी आता बोलून दाखवलं नाही.

काकू गर्दीकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हाची तिरीप, हे काकांना विचारायचा धीर झाला नाही. मग त्यांनी काकांच्या हातातून तो कोरा अर्ज घेतला, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

"पंधरा हजारात तिसरा मजला आणि औषधं, दोन्ही व्हायची नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्या विमेवाला येईल, त्याला चहा पाजा आणि त्याच्याकडूनच एखादी खोली बघून घ्या. सगळ्या गावात हिंडतो तो. लहान असली तरी चालेल. तळमजल्यावरची बघा."

"लहान किती?"

"मशीन मावेल आणि तुम्ही खोकलात तर मला उठायला लागणार नाही, एवढी." त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "चला आता. बस आली तर सावकाश चढू, नाही मिळाली तर पुढची."